ओरखड्याभोवतीची लाली

पावसाळा लागला की शांतीनगरात संध्याकाळी दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक मीरा रोड स्टेशनाकडून येणाऱ्या रिक्षांचे हॉर्न, आणि दुसरा सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांचा खर्र खर्र खाजवण्याचा. खाडी आणि खारफुटी काही लांब नाही, आणि डासांकडून आपल्या सेक्टरात कुणी मेंटेनन्स मागत नाही.

काल धाकट्याची आई त्याच्यावर ओरडत होती, "खाजवू नकोस, वळ उठतील!" बरोबर आहे तिचं. पण वळ उठतो म्हणजे होतं तरी काय, हे तिने सांगितलं नाही, कारण तिला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या. माझ्याकडे कुकर नाही, वेळ आहे. तर चला, बाह्या वर करा सगळ्यांनी.

ही माझ्या कपाटाची चावी. मागचं टोक बोथट आहे, हात लावून बघा. मनगट आणि कोपर यांच्या मधे, हाताच्या आतल्या बाजूला, डास चावलेला नाही अशा जागी मी एकेक रेघ ओढणार. कातडी फाटणार नाही, रक्त येणार नाही. पण गुदगुल्या व्हाव्यात इतकी हलकीही नसेल. मोठी, तू मोबाइलवर सेकंद मोज. आणि कुणी "आई गं" करायचं नाही, अजून लागलेलंसुद्धा नाही.

चावी उचलली तेव्हा रेघ पांढुरकी दिसली ना? त्यात नवल नाही, दाबामुळे तिथलं रक्त बाजूला सरलं. आता नुसतं बघा. सात... आठ... दहा. पांढऱ्या रेघेच्या जागी लाल रेघ आली. चावी जिथून गेली बरोबर तिथेच, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. थांबा, हात हलवू नका. वीस सेकंद झाले. आता रेघेच्या दोन्ही अंगांना फिकट लाली पसरते आहे, वेडीवाकडी, कड नसलेली, कुठे बोटभर तर कुठे त्याहून थोडी जास्त. चावी जिथे लागलीच नाही तिथली कातडी लाल होते आहे, पोरांनो! एवढं डोक्यात ठेवा, आजची गोष्ट त्या लालीचीच आहे.

तिसरी गंमत यायला एकापासून तीन मिनिटं लागतात, आणि ती सगळ्यांच्या हातावर येत नाही. लाल रेघ हळूहळू फुगते आणि मधे फिकी पडते. हाच वळ. धाकट्याच्या हातावर जेमतेम आलाय. मोठीच्या हातावर नाहीच. आणि बी विंगमधल्या तुमच्या या मित्राच्या हातावर बघा, रेघ अशी टरारून उठली आहे की डोळे मिटून बोटाने वाचता यावी. घाबरू नकोस रे, तुझ्याकडे मी नंतर येणारच आहे.

मोठी म्हणते आहे, "आजोबा, मला लाली दिसतच नाही." दिसणार कशी? तुझा रंग माझ्यावर गेलाय. पुस्तकांतली ही वर्णनं गोऱ्या हातांवर बघून लिहिलेली आहेत. आपल्या सावळ्या हातावर ती डोळ्यांनी शोधू नये, बोटांच्या पाठीने चाचपावी. रेघेच्या आसपास जरा कोमट लागतंय की नाही? रक्त आलं की ऊब येते. आणि वळ बघायचा तर टॉर्च हाताला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा, म्हणजे फुगीर कडेची सावली पडते.

या तीन गोष्टी घड्याळ लावून ज्याने नीट पाहिल्या तो थॉमस लुईस. वेल्समधल्या कार्डिफचा माणूस, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात डॉक्टर होता. हृदयाच्या ईसीजीवर आधीच नाव कमावून बसला होता, आणि मग सगळं सोडून कातडीच्या मागे लागला. १९२७ साली त्याने माणसाच्या कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. आधी लाल रेघ, मग भोवतीची लाली, मग वळ, या तिघांना डॉक्टर अजून 'लुईसचा ट्रिपल रिस्पॉन्स' म्हणतात.

त्याची एक युक्ती मला फार आवडते. ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा असतो ना, तो दंडाला आवळून त्याने हातातलं रक्त वाहायचं थांबवलं आणि मग रेघ ओढली. लाल रेघ आली, पण पट्टा होता तोवर जाईना. पट्टा सोडला, ताजं रक्त वाहू लागलं, तेव्हा कुठे ती ओसरायला लागली. लुईस म्हणाला, याचा अर्थ कातडीतून काहीतरी पदार्थ सुटतोय आणि वाहतं रक्त तो धुऊन नेतंय. रक्तच थांबलं तर पदार्थ तिथेच साचून राहणार. हिस्टामीन नावाचं रसायन तेव्हा माहीत होतं. हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१० पासून त्यावर काम केलं होतं. हिस्टामीनचा थेंब हातावर ठेवून त्यातून सुई टोचली की रेघ न ओढताही हीच तीन दृश्यं दिसतात. तरीसुद्धा लुईसने आपल्या पदार्थाला हिस्टामीन म्हटलं नाही. 'एच-पदार्थ' एवढंच म्हटलं. दिसतं सारखं म्हणून तेच आहे असं धरून चालायचं नाही, ही त्याची शिस्त. परीक्षेत अंदाजपंचे ठोकून देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

हिस्टामीन येतं कुठून? कातडीत रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या आसपास 'मास्ट' नावाच्या पेशी बसलेल्या असतात. पॉल एर्लिख हा जर्मन माणूस विद्यार्थी असताना, १८७० च्या दशकात, कापडाचे रंग पेशींना लावून बघत होता. तेव्हा त्याला या पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्या दाण्यांत हिस्टामीन साठवलेलं असतं. पेशीला धक्का बसला, कातडी ओढली गेली, डासाची लाळ लागली, की दाणे बाहेर. हिस्टामीन जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना गाठतं. त्या रुंदावतात, आणि त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून किंचित सरकतात. त्या फटींतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि कातडी फुगते. वळात रक्त साकळलेलं नसतं, बहुतेक पाणीच असतं. म्हणून तर तो मधे फिका दिसतो.

रेघ समजली, वळ समजला. मधली लाली राहिली. चावी लागली एका जागी आणि लाल झालं बोटभर लांब, ते कसं?

रात्री आपल्या गेटवर काही खुट्ट झालं तर वॉचमनकाका काय करतात? सेक्रेटरींना फोन लावतात आणि त्याच वेळी शिट्टी फुंकतात. फोन वरच्या मजल्यावर जातो, शिट्टी गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाते. कातडीतले खाजेचे आणि वेदनेचे मज्जातंतू अगदी हेच करतात. केसाहून कितीतरी बारीक असा हा तंतू कातडीत आला की त्याला फाटे फुटतात. एका फाट्याला हिस्टामीनने डिवचलं की बातमी निघते मेंदूकडे, तीही रमतगमत, सेकंदाला साधारण मीटरभर. पण फाटे जिथे मिळतात तिथे पोचल्यावर ती वर तर जातेच, शिवाय शेजारच्या फाट्यांतून उलटी खाली कातडीतही उतरते. त्या फाट्यांच्या टोकांतून रसायनं सुटतात. त्यांतलं मुख्य म्हणजे सीजीआरपी, आणि दुसरं सबस्टन्स पी. ती तिथल्या रक्तवाहिन्यांना सैल करतात. मेंदूचा हुकूम नाही, विचारणा नाही. गल्लीतल्या गल्लीत काम झालं.

"कशावरून?" असं मोठी विचारतेय. असंच विचारावं. काही माणसांच्या हाताची कातडीकडे जाणारी नस अपघातात किंवा शस्त्रक्रियेत तुटलेली असते. नस तुटल्यावर पहिले काही दिवस तिथे रेघ ओढली तर त्या माणसाला काहीच कळत नाही, कारण मेंदूपर्यंतचा रस्ता बंद. पण लाली पसरते! तंतूचा कातडीतला तुकडा अजून जिवंत असतो. पुढे आठवडाभरात तोही झिजून मरतो, आणि त्यानंतर पुन्हा रेघ ओढली तर लाल रेघ येते, वळ येतो, लाली मात्र येत नाही. लाली पसरली म्हणजे कातडीतला मज्जातंतू जिवंत आहे, याची ती साक्ष.

ही साक्ष डॉक्टरांनी कुठे वापरली ते सांगतो, आणि त्यासाठी आपल्याला वडाळ्याला जावं लागेल. इथून अंधेरीला उतरून हार्बर धरायची. तिथे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, १८९० सालचं. हॅरी ॲकवर्थ हा तेव्हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. रस्त्यावर टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांसाठी त्याने ते उभं केलं. आणि हाच तो ॲकवर्थ, ज्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. दिवसा म्युनिसिपालटीच्या फायली आणि उरलेल्या वेळात शाहिरांच्या मागे! असल्या माणसाबद्दल मला नेहमी कुतूहल वाटत आलंय. असो, गाडी पुढे नेतो.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली पाहिला. तो जंतू कातडीतल्या मज्जातंतूंत घर करतो आणि हळूहळू त्यांना मारतो. अंगावर एक फिकट चट्टा येतो, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण फिकट चट्टे शंभर कारणांनी येतात. सुरमं असेल, गजकर्ण असेल, पोराच्या गालावरचा साधा पांढरा डाग असेल. मग हा चट्टा कुष्ठाचा की दुसरा कसला, हे ठरवायचं कसं? मोठ्या माणसाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने स्पर्श करता येतो, "इथे कळतंय का?" म्हणून विचारता येतं. चार वर्षांच्या पोराला विचारून बघा. ते सगळ्याला हो म्हणेल, नाहीतर रडेल.

म्हणून १९३० नंतरच्या पुस्तकांत हिस्टामीनची चाचणी आली. चट्ट्याच्या आत एक थेंब आणि बाहेर निरोगी कातडीवर एक थेंब ठेवायचा, दोन्हींतून सुई हलकेच टोचायची आणि वाट बघायची. बाहेर तिन्ही गोष्टी होतात. चट्ट्याच्या आत लाल ठिपका येतो, छोटासा फुगवटाही येतो, कारण रक्तवाहिन्या शाबूत असतात. पण लाली पसरत नाही. पोराला एक शब्द न विचारता त्याची कातडी उत्तर देते. मात्र मघाशी मोठीच्या हातावर जी अडचण आली तीच इथल्या डॉक्टरांनाही यायची. सावळ्या कातडीवर लाली नाही दिसली, तर ती आलीच नाही की आली पण दिसली नाही? म्हणून मग घामाची चाचणी वापरत. मेलेल्या तंतूंच्या जागी घामही येत नाही, आणि घाम कुठल्याही रंगावर दिसतो. त्या चाचणीला आपल्याकडे जोड द्यावी लागणारच होती. आज कुष्ठरोगावर गोळ्या आहेत, १९८० च्या दशकापासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर लपवायचा नाही, दाखवायचा, एवढं मात्र घरी जाऊन सांगा.

आता बी विंगचा हात. अजून उठलेलाच आहे ना? अर्ध्या तासात बसेल. याला काही रोगबिग नाही. शंभरांतल्या दोन ते पाच माणसांची कातडी अशी असते. त्यांच्या मास्ट पेशी जरा तापट, साध्या घासण्यानेही दाणे सोडतात. दप्तराचा पट्टा, पँटची इलॅस्टिक, विरार लोकलच्या गर्दीत खांद्यावर रुतलेली बॅग, सगळ्यांचे वळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर असल्या रुग्णांच्या पाठीवर अक्षरं लिहायचे आणि फोटो काढायचे. मला ते फोटो बघवत नाहीत. त्या माणसांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आपल्याकडे आजी याला 'पित्त उठलं' म्हणते आणि आमसूल भिजवून ते पाणी लावते. गार लागतं, बरं वाटतं, लावू द्या. पण हे पित्त यकृतातलं नव्हे. फार त्रास झाला तर डॉक्टर हिस्टामीन अडवणारी गोळी देतात. अशी पहिली औषधं डॅनिएल बोव्हे याने १९३७ मध्ये दाखवली, आणि पुढे १९५७ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मग प्रत्येक खाजेला ती गोळी चालते का? इथे रानातली एक वेल आडवी येते. संजय गांधी उद्यानाच्या डोंगरात, सगळ्या कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात खाजकुइली झाडांवर चढते. जांभळी फुलं लोंबतात, आणि थंडीत तिच्या वाकड्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमली लव येते. हात लावावासा वाटतो. लावायचा नाही! त्या लवेतलं एकेक कूस सुईसारखं कातडीच्या वरच्या थरात रुततं आणि माणूस नाचायला लागतो. आमच्या लहानपणी मास्तरांच्या खुर्चीवर ती टाकणारे वीर होते. मी नव्हतो. माझ्यावर टाकली गेली होती.

तर त्या खाजेची गंमत अशी की खाज भयंकर, पण भोवती लाली जवळजवळ नाहीच. हिस्टामीनचा तिच्याशी संबंध नसतो. म्हणून गोळी घेऊनही उपयोग होत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या शेली आणि आर्थर यांनी दाखवलं की कुसांत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, त्याने खाज सुटते. कुसांना भरपूर उष्णता दिली की विकर निकामी होतं आणि कूस टोचूनही काही होत नाही. मग असलं निकामी कूस हिस्टामीनमध्ये बुडवून टोचलं की पुन्हा खाज सुटते, आणि या वेळी लालीसकट! म्हणजे खाजेच्या बातम्या वर नेणारे मज्जातंतू एकाच जातीचे नाहीत. काही हिस्टामीनची बातमी नेतात आणि गल्लीत शिट्टीही फुंकतात. काही खाजकुइलीची नेतात आणि शिट्टी वाजवत नाहीत. आणि समजा कधी ती लव लागलीच, तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, कुसं तिला चिकटून येतात.

धाकटा मघापासून कोपरामागे हात घालून बसलाय. खाजव, खाजव. बरं का वाटतं ते ठाऊक आहे? खाजवणं म्हणजे स्वतःला थोडंसं दुखवणं. वेदनेची बातमी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचली की तिथल्या काही पेशी खाजेची बातमी अडवून धरतात. वेदना ओसरली की खाज परत हजर. त्यात नखांनी मास्ट पेशींना नवा धक्का दिलेला असतो.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या लोकांनी उंदरांवरचा एक अभ्यास छापला. उंदरांच्या कानावर ॲलर्जी करणारं द्रव्य लावलं. काही उंदरांना खाजवू दिलं, आणि काहींच्या गळ्यात शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला घालतात तसली कॉलर घातली. ज्यांनी खाजवलं त्यांचे कान चांगलेच सुजले. कॉलरवाल्यांची सूज बरीच कमी राहिली. कारण काय तर खाजवल्याने वेदनेचे तंतू सबस्टन्स पी सोडतात, आणि तो मास्ट पेशींना आणखी भडकवतो. ॲलर्जी एका दारातून येते, नख दुसऱ्या दारातून. इथपर्यंत धाकट्याच्या आईची बाजू भक्कम आहे.

पण त्याच अभ्यासात दुसरंही दिसलं. खाजवलेल्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू कमी झाले. भडकलेल्या मास्ट पेशींनी सैन्य बोलावलं होतं. खाजवणं हा निव्वळ मूर्खपणा असता तर कुत्रा, म्हैस, माकड आणि माणूस सगळेच ते इतक्या आवडीने करत राहिले नसते, असं मला तरी वाटतं.

"म्हणजे आजोबा, थोडं खाजवलेलं चालतं!" धाकट्याने हात काढलाच बघा. अरे, उंदराकडे साबण नाही, तुझ्याकडे आहे. आणि तुझ्या नखांत आत्ता सेक्टरभराची माती आहे. तेव्हा आधी नखं काप, मग नळाखाली हात धर, गार पाण्याने खाज कमी होते. राहिलीच, तर तळव्याने थोपट. आणि बी विंग, तुझ्या हातावरची रेघ आता आईला दाखवायला जाऊ नकोस हं. अजून पंधरा मिनिटं थांब.